रोमन लाल भांडी आणि वैनगंगेचे खोरे : प्रस्तावना

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इटलीत बहरलेली आणि पुढे गॉल (साधारण आजचा फ्रान्स), ऱ्हाइन नदीचा काठ व उत्तर आफ्रिका असे मुक्काम बदलत इसवी सनाच्या सातव्या शतकापर्यंत टिकलेली तांबड्या, झळाळत्या भांड्यांची परंपरा हा या विवेचनाचा विषय आहे. ही भांडी रांधण्याची नव्हेत. ती वाढण्याची आणि जेवण्याची आहेत, म्हणजे ताटे, वाडगे, बश्या आणि पेले. घडवून सुकत आलेल्या भांड्यावर अतिशय बारीक मातीच्या पातळ द्रावणाचा जो थर दिला जातो त्याला ‘लेप’ म्हणतात, आणि भाजल्यावर हा लेप लाल व चकचकीत होतो म्हणून या साऱ्या कुळाला लाल लेपाची भांडी म्हटले जाते. युरोपीय ग्रंथांत त्यांच्यासाठी ‘टेरा सिजिलाटा’ ही लॅटिन संज्ञा रूढ असून पुढील विवेचनात जिथे विशेषतः इटालियन माल अभिप्रेत आहे तिथे अरेत्सो या गावावरून ‘अरेटाइन’ हे नाव वापरले आहे.

बालाघाटच्या वाचकापुढे हा विषय मांडण्याचे प्रयोजन आधी सांगितले पाहिजे. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनवलेला आणि मध्य प्रांताच्या नागपूर विभागात गणला गेलेला हा जिल्हा वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात येतो. शिवनी जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी बालाघाटवरून भंडारा जिल्ह्यात उतरते, पवनीला वळसा घालून पुढे वर्धेला मिळते, प्राणहिता होते आणि अखेर गोदावरीत विसर्जित होते. म्हणजे सातवाहनांच्या पैठणवरून वाहिलेले पाणी आणि बालाघाटचे पाणी एकाच पात्रातून समुद्राला जाते. या खोऱ्यातल्या जुन्या वस्त्यांच्या टेकाडांवर, ज्यांना शेतकरी ‘पांढरी’ किंवा ‘रीठ’ म्हणतात, त्या राखट मातीत लाल लेपाची खापरे सापडतात, आणि सातवाहन राजे रोमशी व्यापार करीत होते हे शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक असल्यामुळे या खापरांना रोमन ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. हा मोह केवळ हौशी संग्राहकांना झाला असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास तो नामवंत उत्खननकर्त्यांनाही झाला होता. रोमन लाल भांडी खरोखर कशी बनत, कुठवर जात, आणि भारतात आलेला माल किती थोडा होता हे नीट पाहिले की वैनगंगेकाठच्या लाल खापराचे श्रेय ज्याचे त्याला, म्हणजे इथल्याच कुंभाराला, देता येते.

प्रथम तंत्राचा विचार करू जाता असे दिसते की या भांड्यांचे सारे वैशिष्ट्य लेपात आहे. निवडक चिकणमाती भरपूर पाण्यात कालवून ठेवली की जड कण तळाशी बसतात आणि अत्यंत सूक्ष्म कण वर तरंगत राहतात. हे वरचे गढूळ पाणी वेगळे काढून ते दाट होईपर्यंत ठेवायचे आणि त्यात सुकलेले भांडे बुडवून काढायचे, एवढीच ही कृती वरकरणी दिसते. परंतु माती कोणतीही चालत नाही. तिच्यात लोह आणि पोटॅशियम पुरेसे व चुना अगदी कमी लागतो, कारण भट्टीत ९५० ते १०५० अंश सेल्सियसच्या आसपास तापल्यावर हा लेप अर्धवट वितळून काचेसारखा घट्ट होतो आणि त्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन त्याला प्रवाळाची छटा येते. भांड्याच्या अंगाची माती मात्र चुनखडीयुक्त निवडली जाई. अशी माती भाजल्यावर फिकट राहते आणि लेप तिला घट्ट धरून बसतो. हा थर एका मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच जाड असतो. ही झळाळी झिलईची, म्हणजे वरून काच वितळवून दिलेल्या आवरणाची, की आणखी कशाची, याविषयी युरोपात दीर्घकाळ वाद होता, आणि थिओडोर शुमान या जर्मन संशोधकाने १९४० च्या दशकाच्या आरंभी सूक्ष्म कणांच्या द्रावणाचा प्रयोग यशस्वी करून दाखवल्यावरच तो मिटला.

लेपाइतकीच महत्त्वाची गोष्ट भट्टीची. भाजताना भांड्यांना धूर लागला की लोह काळे पडते, म्हणून मोठ्या कारखान्यांतल्या भट्ट्यांत मातीच्या उभ्या नळ्यांची रांग बसवलेली असे. ज्वाळा आणि धूर त्या नळ्यांतून निघून जात आणि भांड्यांना फक्त नळ्यांची उष्णता मिळे. कुंभाराच्या आव्यात, म्हणजे गोवऱ्या, पेंढा आणि भांडी एकत्र रचून वरून मातीने लिंपलेल्या उघड्या भट्टीत, हे घडणे शक्य नाही. आव्यात धूर आणि भांडे यांची संगत अटळ असते, तापमानही सहसा कमी राहते, आणि म्हणून आपल्याकडचा लाल रंग वितळलेल्या लेपातून येत नाही. तो गेरूच्या किंवा लोहयुक्त मातीच्या लेपातून येतो, आणि चकाकी येते ती ओलसर लेप गारगोटीने किंवा मण्याने घोटल्यामुळे. एकाची चमक अग्नीने दिलेली आणि दुसऱ्याची हाताने, हा भेद पुढे खापरे ओळखताना फार उपयोगी पडतो.

नक्षीदार वाडग्यांसाठी साचा वापरीत. जाड बुडाचा एक वाडगा चाकावर घडवून, तो ओला असतानाच त्याच्या आतल्या बाजूस पाने, माळा, नर्तकी, शिकारीची दृश्ये अशा छोट्या ठशांनी खोलगट नक्षी उमटवली जाई आणि मग तो भाजला की साचा तयार होई. हा साचा चाकावर ठेवून त्यात माती दाबीत, काठ वर ओढून घेत, आणि सुकताना माती आकसून आपोआप साच्यापासून सुटे. आतली खोलगट नक्षी वाडग्याच्या बाहेर उठावात येई. एका साच्यातून असे कितीतरी वाडगे निघत. साध्या ताटांच्या मध्यभागी कारखानदाराचे नाव शिक्क्याने उमटवलेले असे, आणि अनेकदा त्यासोबत काम करणाऱ्या गुलामाचेही. अरेत्सोच्या मार्कुस पेरेन्निउस या कारखानदाराच्या मालावर तिग्रानेस, बार्गातेस अशी पूर्वेकडची वाटावीत अशी नावे येतात. ग्नेउस आतेइउस याचा माल अरेत्सोबरोबरच पीसा आणि गॉलमधील लियाँ येथेही बनत असे. म्हणजे एका नावाखाली अनेक शाखा चालवण्याची रीत त्या काळीही होती. साम्राज्याचा इतिहास राजे आणि सेनापती यांच्या नावांनी भरलेला असताना सामान्य कारागिराचे नाव दोन हजार वर्षे टिकून राहण्याचे असे दुसरे उदाहरण क्वचितच आढळते.

इटलीची ही मक्तेदारी फार काळ राहिली नाही. दक्षिण फ्रान्समधील आजच्या मियो गावाजवळच्या ला ग्रोफसांक येथे पहिल्या शतकात कुंभारांची एवढी मोठी वसाहत उभी राहिली की तिथल्या एका भट्टीची लांबी सुमारे ११ मीटर भरते. ही भट्टी एकट्या कुंभाराची नसून सामायिक असावी, असे तिथे सापडलेल्या हिशेबांवरून दिसते. हे हिशेब ताटांच्या पाठीवरच खरडलेले आहेत: कोणत्या कुंभाराची, कोणत्या आकाराची, किती भांडी या भाजणीत घातली, याची यादी, काही लॅटिनमध्ये आणि काही गॉलच्या बोलीत. काही याद्यांत एका भाजणीची बेरीज २५ ते ३० हजारांच्या घरात जाते. हिशेबाच्या या ताटांमुळे तिथली व्यवस्था फार जवळून दिसते: भट्टी पेटवणारा एक, माल घालणारे अनेक, आणि भाजून निघाल्यावर ज्याचे त्याला परत मिळावे म्हणून लिहून ठेवलेला करार. गॉलचा हा माल इतका खपला की गंगा उलटी वाहू लागली. १८८१ मध्ये पाँपेईत एक न उघडलेली पेटी सापडली, आणि तिच्यात गॉलमधून आलेले ९० नक्षीदार वाडगे व सोबत दिवे रचलेले होते. ज्वालामुखीचा उद्रेक होण्याआधी ती सोडायला कोणाला वेळ मिळाला नव्हता. यानंतर मध्य फ्रान्समधील लेझू, ऱ्हाइनकाठचे राइनत्साबर्न, आणि शेवटी आजच्या ट्युनिशियातील कारखाने यांनी बाजार काबीज केला. पूर्व भूमध्यात तर सीरिया आणि सिलिशिया भागात लाल लेपाची भांडी इटलीच्याही आधी, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, बनू लागली होती. या शाखांचा सविस्तर विचार करण्याचे हे स्थळ नव्हे.

व्यापाराच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मातीची भांडी जड असतात, फुटतात आणि स्वस्त असतात. त्यांच्यासाठी म्हणून कोणी जहाज भरत नाही. ती दुसऱ्या मालाच्या जोडीने, धान्य, मद्य, तेल यांच्या बुधल्यांमधल्या मोकळ्या जागेत बसून प्रवास करतात. दोन मुठी आणि निमुळते बूड असलेल्या ज्या उंच बुधल्यांतून हे पातळ पदार्थ नेले जात त्यांना ‘ॲम्फोरा’ म्हणतात, आणि लाल भांड्याचा तुकडा जिथे सापडतो तिथे ॲम्फोराचे तुकडेही सहसा सापडतात ते याच कारणाने. असे असले तरी पुरातत्त्वाला सोन्याच्या नाण्यापेक्षा ही भांडी अधिक उपयोगी पडतात. सोने वितळवून पुन्हा वापरले जाते, पिढ्यान्‌पिढ्या पुरून ठेवले जाते. फुटलेले ताट मात्र फुटले त्या वर्षीच उकिरड्यावर जाते आणि तिथेच राहते. हान्स ड्रागेनडॉर्फ यांनी १८९५ मध्ये या भांड्यांचे आकार क्रमांक लावून वर्गीकृत केले आणि त्यामुळे एखाद्या थरातील ताटाच्या काठाच्या वळणावरून त्या थराचे वय दोन-तीन दशकांच्या अचूकतेने सांगता येऊ लागले.

याच गुणामुळे भारताच्या पुरातत्त्वात या भांड्यांना त्यांच्या संख्येच्या मानाने अवाजवी महत्त्व मिळाले. पहिल्या शतकात इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके व म्योस होर्मोस या बंदरांतून मोसमी वाऱ्यांवर जहाजे भारताकडे निघत; एका वर्षात १२० जहाजे जात असल्याची नोंद स्ट्रॅबो करतो, आणि भारताकडे वर्षाला पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्या काळची रोमन पितळी नाणी, एवढ्या मोलाचे धन वाहून जाते अशी तक्रार प्लिनी करतो. हाच प्लिनी अरेत्सोच्या भोजनपात्रांची कीर्तीही नोंदवतो. मात्र त्याच शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाची जी यादी आहे तिच्यात मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, नाणी आणि राजासाठी चांदीची भांडी आहेत. मातीची लाल भांडी नाहीत. पेरिप्लसकार पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर असल्याचे सांगतो, तिथून येणाऱ्या मौल्यवान दगडांचा आणि कापडाचा उल्लेख करतो, पण जाताना तिकडे कोणी ताटे नेत होते असे म्हणत नाही. चांदीची भांडी राजाला आणि मद्य ज्याला परवडेल त्याला, अशी ती विभागणी होती.

भारतात अरेटाइन भांडे प्रथम निश्चितपणे ओळखले गेले ते पाँडिचेरीजवळ अरिकमेडू येथे. भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ मध्ये तिथे उत्खनन केले आणि व्हिबिए, कामुरी, इट्टा अशा इटालियन कुंभारांच्या शिक्क्यांची खापरे हाती लागली. इटलीतल्या या मालाचे वय ठाऊक असल्याने अरिकमेडूचा थर पहिल्या शतकाच्या पूर्वार्धाचा ठरला, आणि त्या थरात सापडणाऱ्या देशी भांड्यांनाही तेच वय मिळाले. त्यांपैकी एक प्रकार म्हणजे ‘रूलेटेड’ भांडी, ज्यांच्या तळाशी फिरत्या दातेरी पट्टीने बारीक टिंबांची वर्तुळे उमटवलेली असतात. याच भांड्यांच्या आधारे व्हीलर यांनी १९४७ मध्ये कर्नाटकातील ब्रह्मगिरीच्या थरांचे वय ठरवले, आणि तिथून ती कालगणना सातवाहनकालीन दख्खनभर पसरली. अरेत्सोच्या काही मूठभर तुकड्यांवर एका उपखंडाची कालगणना टांगली गेली असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे. त्या काळी किरणोत्सर्गी कार्बनाची पद्धत उपलब्ध नव्हती, तेव्हा व्हीलर यांनी हाती असलेल्या एकमेव खुंटीचा उपयोग केला यात गैर काही नव्हते. गैर झाले ते त्यानंतर, जेव्हा त्या खुंटीवर वाटेल ते टांगले जाऊ लागले.

रूलेटेड भांड्यांची नक्षी भूमध्याकडून आली असे व्हीलर यांचे मत होते आणि पुढची तीन-चार दशके ते बहुतेकांनी मानले. १९८९ ते १९९२ या काळात विमला बेगली यांच्या नेतृत्वाखाली अरिकमेडूत पुन्हा खोदकाम झाले, आणि तिथली वस्ती व हा भांड्यांचा प्रकार रोमन संबंधांच्याही आधीचा असल्याचे स्पष्ट झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या भांड्यांच्या मातीतील खनिजे तपासली आणि १९९७ मध्ये ती माती बंगालातील चंद्रकेतुगढ-ताम्रलिप्ती परिसराशी जुळते असे दाखवले. म्हणजे ज्या भांड्यांना रोमन प्रभावाचे पुरावे म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यास मिरवले गेले ती भारतातच घडून भारताच्या किनाऱ्यांवर, आणि पुढे आग्नेय आशियातही, जात होती. ही दुरुस्ती मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ती पुण्याच्या प्रयोगशाळेत झाली.

गुजरातेतील ‘लाल चकचकीत’ भांड्यांची कथाही याच जातीची आहे. बडोद्याजवळच्या अकोटा येथील उत्खननावर बी. सुब्बाराव यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या बारीक मातीच्या, गुळगुळीत घोटलेल्या लाल भांड्यांचे नाते रोमन भांड्यांशी जोडलेले होते, आणि ते नाते इतके आकर्षक होते की पश्चिम भारतात लाल चकचकीत खापर दिसले की रोमन व्यापार असे समीकरण बनले. पुढे ती भांडी गुजरातेत फार मोठ्या प्रमाणावर, कितीतरी शतके, आणि रोमन जगात न आढळणाऱ्या आकारांत सापडू लागल्यावर हे समीकरण टिकेना. तोंडाऐवजी मधल्या नळीतून पाणी ओतण्याची सोय असलेली झारी हा त्यांतला ठळक आकार पूर्णपणे इथला आहे.

याचा अर्थ रोमचा माल दख्खनेत आलाच नाही असा नव्हे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४४-४५ च्या सुमारास समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आणि रोमन कांस्य भांडी सापडली, आणि हसमुख सांकलिया व मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तिथे रीतसर उत्खनन केले. हा संग्रह कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. प्रवरेकाठच्या नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन थरांत ॲम्फोराची खापरे मिळाली, जुन्नरलाही मिळाली, मुंबईजवळ घारापुरीच्या किनाऱ्यावर तर विपुल. उलट दिशेची वाहतूकही होती: पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती भोकरदन व तेर येथील मूर्तींशी जवळचे साम्य दाखवते. या यादीत मद्य आहे, कांस्य आहे, हस्तिदंत आहे. इटालियन लाल ताट जवळजवळ नाही. ते अरिकमेडूला आणि केरळातील पट्टणमला सापडते, म्हणजे जिथे परदेशी व्यापारी स्वतः उतरत आणि राहत तिथे. ते ताट विकायला आणलेले नसून बहुधा आपल्या पद्धतीने जेवण्यासाठी बाळगलेले होते, असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक ठरते. दख्खनच्या माणसाला ते हवे असण्याचे कारणही नव्हते. ज्या देशात मातीचे भांडे एकदा उष्टे झाले की टाकून देण्याची रीत होती तिथे समुद्रापलीकडून आणलेल्या मातीच्या ताटाला गिऱ्हाईक मिळणे कठीणच.

वैनगंगेच्या खोऱ्याकडे आता वळता येईल. पवनी येथे शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी १९६९-७० मध्ये उत्खनन केले आणि तिथला स्तूप, तटबंदी व शतकानुशतकांची वस्ती उजेडात आली. याच गावी महाक्षत्रप रूपियम्माचा स्मृतिस्तंभ मिळाला असून पश्चिमेकडच्या क्षत्रपांचा हात इथवर पोचला होता हे त्यावरून कळते. ज्या क्षत्रपांच्या ताब्यात भडोच होते त्यांचा माणूस वैनगंगेकाठी होता, तेव्हा समुद्रावरून येणारा माल इथे येण्याची वाट तरी अज्ञात नव्हती. देव आणि मधुकर ढवळीकर यांनी १९६७ मध्ये वर्ध्याजवळ पवनार येथे, मोरेश्वर दीक्षित यांनी कौंडिण्यपूर येथे, आणि अमरेंद्र नाथ यांनी १९८८ नंतर नागपूर जिल्ह्यातील अडम येथे जे काम केले त्याने विदर्भाच्या प्राचीन नगरांचे चित्र बरेच स्पष्ट झाले. या सर्व ठिकाणी काळी-तांबडी भांडी, म्हणजे आतून काळी व बाहेरून तांबडी अशी पालथी घालून भाजलेली भांडी, आणि त्यांच्या जोडीला लाल लेपाची भांडी येतात. दीक्षितांचे नाव इथे पुन्हा आले ते योगायोगाने नव्हे. कोल्हापूर, जबलपूरजवळचे त्रिपुरी आणि कौंडिण्यपूर या तिन्ही ठिकाणी खोदणाऱ्या या विद्वानाने कोकणाच्या पाठीमागच्या प्रदेशापासून नर्मदेपर्यंतची खापरे हाताळली होती, आणि बालाघाट त्रिपुरी व पवनी यांच्या मधोमध पडतो.

या भागात सापडलेले लाल खापर हातात घेतल्यावर काय पाहावे, हे सांगणे सोपे आहे. ताज्या तुटलेल्या कडेकडे प्रथम पाहावे. स्थानिक खापराचा गाभा बहुधा राखाडी किंवा काळसर असतो, कारण आव्यातली आच आतपर्यंत पोचलेली नसते. मातीत वाळूचे, अभ्रकाचे चमकणारे कण किंवा जळून गेलेल्या भुश्याची छिद्रे दिसतात. लेप गाभ्याहून वेगळा, गडद पट्टीसारखा उठून दिसतो आणि ओल्या बोटाने घासल्यास कधीकधी बोटाला तांबडेपणा लागतो. पृष्ठभाग उजेडात तिरपा धरला की घोटण्याच्या समांतर रेषा दिसतात; गारगोटी ज्या दिशेने फिरली ती दिशा दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते. इटालियन खापर याच्या नेमके उलट असते: गाभा एकसारखा फिकट गुलाबी, वाळूचा कण नाही, लेप नखाने खरवडून निघत नाही, घोटण्याची रेषा नाही, आणि काठाखाली सुबक कंगोरे असे की ते चाकावर धारदार हत्याराने कापल्याचे जाणवते. दोन्ही खापरे शेजारी ठेवली तर शंका उरत नाही. पंचाईत होते ती केवळ वर्णनावर विसंबल्यामुळे, आणि ‘लाल, गुळगुळीत, बारीक मातीचे’ एवढे वर्णन तर संक्रांतीच्या सुगडालाही लागू पडते.

या कसोट्या लावल्या तर वैनगंगेच्या खोऱ्यातील लाल लेपाची भांडी देशी ठरतात, आणि त्यामुळे त्यांचे मोल कमी होण्याऐवजी अभ्यासकाचे काम वाढते. रोमन भांड्यांबाबत कारखानदाराचे नाव, भट्टीची क्षमता, साच्याचे आयुष्य इथवर माहिती मिळते. इथल्या भांड्यांबाबत लेपाची माती कुठली, गेरू कोणत्या डोंगरातला, एका आव्यात किती भांडी निघत, ती किती कोसांवरच्या बाजारात जात, हे प्रश्न गोगटे यांनी रूलेटेड भांड्यांना जसे विचारले तसे विचारले जाणे आवश्यक आहे. लोहयुक्त मातीची या प्रदेशात वाण नाही. कुंभारांचे गावोगावचे आवे आजही काही ठिकाणी धगधगतात, आणि त्यांच्या लेपाची व भाजणीची नोंद प्राचीन खापरांशी ताडून पाहिली तर प्रयोगशाळेच्या आकड्यांना जमिनीचा आधार मिळेल.

बालाघाट जिल्ह्याच्या पुरातत्त्वाची जी कीर्ती आहे ती धातूची आहे. १८७० मध्ये गुंगेरिया गावी ४२४ तांब्याची हत्यारे आणि १०२ चांदीचे पातळ पत्रे एकत्र सापडले, आणि त्यांतले काही नागपूरच्या संग्रहालयात तर काही लंडनला गेले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट तिरोडीला मिळाला, दुसऱ्या पृथ्वीषेणाचा ताम्रपट तर बालाघाटच्याच नावाने ओळखला जातो, आणि नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९६३ च्या आपल्या वाकाटक लेखसंग्रहात या ताम्रपटांना स्थान दिले. तांबे चमकते, अक्षरे वाचता येतात, आणि म्हणून ती कोणीतरी उचलून तहसीलात नेतो. खापराला असे भाग्य नसते. नांगराने वर आलेले खापर बांधावर फेकले जाते, बांध सरळ करताना नाल्यात जाते, आणि रीठावरची राखट माती खत म्हणून गाड्यांनी उपसली जाते तेव्हा तर थराचा थर नाहीसा होतो. ताम्रपटांनी राजे आणि दाने कळली. माणसे काय आणि कशात जेवत होती हे केवळ या खापरांवरूनच कळेल.

म्हणून लांजी, कटंगी, वारासिवनी आणि वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या गावांतील शिक्षकांना, शेतकऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती करणे उचित होईल. रीठावर किंवा नदीच्या कापलेल्या दरडीत लाल लेपाचे खापर दिसल्यास ते वेचून घरी नेऊ नये, धुऊन-पुसून काचेच्या कपाटात ठेवू नये, आणि ते रोमन आहे असे वर्तमानपत्राला तर मुळीच कळवू नये. ते जिथे आहे तिथेच ठेवून शेताचे नाव, गट क्रमांक, दरडीत असल्यास वरून किती हात खोल आहे ते वहीत लिहावे, शेजारी काळी-तांबडी खापरे, राख, विटांचे तुकडे आहेत का तेही पाहावे, तुटलेल्या कडेचे उजेडात छायाचित्र घ्यावे, आणि ही नोंद जिल्हा प्रशासनाकडे किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी.